कार्बन कुठं मिळेल?

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका बोळात माझं दुकान आहे. वडील तिथं आर्मेचर भरायचे, आता मी भरते. ड्रिल, ग्राइंडर, मार्बल कटर, रंधा मशीन, हॅमर, जे जे हातात धरून विजेवर चालवायचं आणि एक दिवस चालायचं थांबतं, ते माझ्या टेबलावर येतं. नवीन मशीन मी विकत नाही. म्हणूनच असेल, पण मशीन कुठून घ्यावं हे विचारायला लोक माझ्याकडं येतात. मोबाइल पुढं धरतात. "ताई, पेठेत बत्तीसशे सांगतोय, इथं बावीसशेला आहे. मागवू का?" मी उलट विचारते, "याचा कार्बन कुठं मिळेल?"

विचारणाऱ्याला ही टाळाटाळ वाटते. तशी ती नाही, पण त्यासाठी मशीनच्या पोटात शिरायला हवं.

वायरवर चालणाऱ्या बहुतेक हातमशीनांत एकाच जातीची मोटर असते. युनिव्हर्सल मोटर म्हणतात तिला, कारण ती एसीवर चालते तशी डीसीवरही चालते. बाहेर स्थिर बसलेलं फील्ड, आत फिरणारं आर्मेचर. फिरत्या आर्मेचरला वीज पोचवायला त्याच्या टोकाशी तांब्याच्या पट्ट्यांचं एक कडं असतं, त्याला कम्युटेटर म्हणतात. त्या कड्यावर दोन बाजूंनी स्प्रिंगच्या जोरावर दाबून बसलेले दोन काळे ठोकळे म्हणजे कार्बन. चार इंची ग्राइंडर रिकामा फिरतो तेव्हा मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो, आतलं आर्मेचर तर गिअरमुळं त्याहूनही जास्त, आणि तेवढा वेळ तांबं कार्बनवर घासतं. कार्बन झिजणारच, तो झिजण्यासाठीच बनवलेला असतो. झिजून आखूड झाला की ठिणग्या वाढतात, मशीन अडखळतं. तेव्हा शंभराच्या आतबाहेरची जोडी बदलली तर मशीन पुन्हा पहिल्यासारखं. नाही बदलली तर स्प्रिंगचं टोक तांब्याला खरवडतं, कड्यावर चर पडतात आणि मग आर्मेचरच जातं. चांगल्या कार्बनमध्ये एक बारीक खिट्टी असते. पुरेसा झिजला की ती वर येऊन संपर्क तोडते आणि मशीन आपण होऊन थांबतं. गिऱ्हाईक घाबरून माझ्याकडं पळत येतं की मशीन जळालं. मी दोन स्क्रू काढते, जोडी बदलते, पाच मिनिटांत परत देते.

आता हाच कार्बन मिळाला नाही तर? प्रत्येक कंपनीची लांबी, रुंदी, जाडी वेगळी. नाव कधी न ऐकलेल्या कंपनीचं मशीन आलं की मी डबा उपसते, जवळपासचा कार्बन काढून कानशीवर घासून बसवते. चालतं. पण त्याच मशीनचा गिअर गेला तर मी कुठून घासून आणू? गिअरचे दात मापात लागतात. असली मशीनं माझ्या फळीवर पडून आहेत. मालक न्यायला येत नाहीत, मी भंगारात घालत नाही, कधीतरी एखाद्याचं बेरिंग उपयोगी पडतं.

स्वस्त मशीनमध्ये पैसे कुठं वाचवलेले असतात, तेही उघडल्यावरच दिसतं. वाइंडिंगची तार तांब्याची असते किंवा ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियम विजेचं वहन तांब्याच्या साधारण साठ टक्केच करतं. म्हणजे तेवढाच करंट न्यायचा तर तार जाड घ्यावी लागते आणि जाड तार तेवढ्याच खाचेत बसत नाही. बनवणारा मग बारीक तारच भरतो आणि मोटर तापते. ही तार वरून ओळखता येईल म्हणावं, तर तेही अवघड. काही तारांवर तांब्याचा मुलामा असतो, टोक ब्लेडनं खरवडलं की आत पांढरं निघतं. खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरांत वॅट छापलेले. वॅट म्हणजे मशीन वीज किती ओढतं, काम किती करतं ते नव्हे. ६६० वॅटचा चांगला ग्राइंडर आणि ८५० वॅट लिहिलेला बिननावाचा ग्राइंडर शेजारी ठेवून एकच अँगल कापून बघा. आकड्याचं काय ते कळेल.

म्हणून ऑनलाइन वाईट, असं मी म्हणत नाही. बिननावाचा माल पेठेतही ढिगानं मिळतो. शिवाय नामांकित कंपनीचं मशीन ऑनलाइन मागवलं तरी ते त्याच कारखान्यातून आलेलं असतं. ऑनलाइनसाठी हलका माल काढतात हे काउंटरवरून इतक्या ठामपणे सांगतात की गिऱ्हाईक गप्प होतं. मी दोन्हीकडची एकाच मॉडेलची मशीनं उघडते. आर्मेचर तेच, बेरिंग तेच, स्विच तोच. फरक पडतो तो मॉडेलमध्ये. बॉशचंच घ्या. निळं मशीन धंदेवाल्यांसाठी, हिरवं घरच्या कामासाठी. ऑनलाइन दोन्ही एका रांगेत दिसतात. फॅब्रिकेशनवाला हिरवं मागवतो, दिवसभर चालवतो, आणि मग कंपनीला शिव्या.

खरी गफलत विक्रेत्यात होते. ज्या संकेतस्थळावरून आपण घेतो ते बहुतेक वेळा फक्त बाजाराची जागा असतं, विकणारा वेगळाच कुणीतरी असतो. परदेशी भांडवल असलेल्या अशा कंपन्यांना आपल्या मालकीचा असला माल थेट ग्राहकाला विकायची मुभा आपल्या देशात नाही. त्यामुळं पानावर कंपनीचं नाव मोठं असलं तरी खाली बारीक अक्षरांत विक्रेत्याचं नाव असतं, ते वाचावं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि माल कोणत्या देशात बनला हे दाखवणं बंधनकारक केलं आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला तुम्ही मशीन कुठून घेतलंत याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्यांना बिल आणि मशीनवरचा सिरियल नंबर लागतो. बिलावर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक नसेल, किंवा नंबरची पट्टी खरवडलेली असेल, तर वॉरंटी फक्त कागदावर राहते. आणि कार्बन झिजणं वॉरंटीत बसत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

बिलाचा विषय निघाला की पेठेतले लोक माझ्यावर रागावतात. पण बोलते. "बिल पायजे का? मग जीएसटी लागंल." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. पॉवर टूल्सवर १८ टक्के जीएसटी आहे. मशीनची मूळ किंमत २,००० असेल तर कर धरून २,३६०. कच्च्या चिठ्ठीवर २,१०० ला मिळालं की आपण खूश. सहा महिन्यांत मोटर गेली की सर्व्हिस सेंटरवाला पक्कं बिल मागतो आणि आपल्याकडं असते वहीच्या पानावरची आकडेमोड. स्वतःची फर्म नोंदवलेल्या फॅब्रिकेटरचं तर दुप्पट नुकसान, कारण पक्क्या बिलावरचा कर त्याला आपल्या करातून वळता करून घेता आला असता. ऑनलाइनचं बिल मेलवर पडून राहतं, हरवत नाही. इथं पेठ हरते, आणि आपल्याच हातानं हरते.

दुसरी तक्रार माझी स्वतःची. हार्डवेअरच्या काउंटरवर बाई उभी राहिली की तिच्या खांद्यावरून मागच्या माणसाला विचारतात, "काय देऊ?" एकटी असेल तर "साहेब नाही आले?" वाइंडिंगची तार घ्यायला जाते तेव्हा अजूनही हे होतं, आणि मी तर या धंद्यातली आहे. हौसेनं लाकूडकाम शिकणाऱ्या पोरी माझ्याकडं येतात, त्यांतल्या बऱ्याच जणी सगळं ऑनलाइन घेतात. मोबाइल त्यांना नवरा कुठाय विचारत नाही. पेठेनं यावर विचार करायला हरकत नाही.

तरीही रोज आठ तास मशीन चालवणाऱ्याला मी डीलरकडं पाठवते. तिथं मशीन हातात घेता येतं. वजन कळतं, मूठ आपल्या पंजात बसते का ते कळतं, चालू करून ऐकता येतं. बेरिंग करकरत असेल तर पहिल्या मिनिटात ऐकू येतं. चक वाकडं फिरत असेल तर बिट लावून बघितलं की टोक गोल काढताना दिसतं. आणि उधारी. लोक हिला हसतात, पण गवंडी आणि सुतार यांचा धंदा उधारीवर उभा आहे. बिल निघालं की पैसे, तोवर खात्यावर. कोणत्याही ॲपचा हप्ता असा सांभाळून घेत नाही. साइटवर स्लॅबला भोकं मारताना हॅमर बंद पडला, सकाळी अकराला फोन केला, तर ओळखीचा डीलर दुपारपर्यंत दुसरा हॅमर देऊन पाठवतो, जुना माझ्याकडं टाकतो, बाकीचं नंतर. त्या दिवसाच्या मजुरीचा हिशेब केला तर एक हजाराचा फरक तिथंच फिटतो.

वडिलांच्या वेळी कार्बन कुठं मिळेल हा प्रश्नच नव्हता. मुलुंडच्या रॅलीवुल्फची धातूच्या बॉडीची ड्रिल मशीनं यायची, उचलताना खांदा निघायचा. आमच्याच जिल्ह्यात शिरोळला कुलकर्णी पॉवर टूल्स १९७६ साली सुरू झाली, तीच आताची केपीटी. त्यांच्या मशीनचा पार्ट हवा तर एसटीनं जाऊन आणता यायचा. कारखाना जवळ असण्याची ती चैन होती.

बॅटरीवरच्या मशीननं हिशेब बदललाय. तिथं खरी खरेदी बॅटरीची असते. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या मशीनला बसत नाही, बॉशची निळी बॅटरी त्यांच्याच हिरव्या मशीनला बसत नाही. पहिलं मशीन घेतलं की पुढची चार कुठल्या कंपनीची घ्यायची ते ठरून गेलं. त्यात आकड्यांचा खेळ. एका मशीनवर २० व्होल्ट मॅक्स, दुसऱ्यावर १८ व्होल्ट. दोन्हींत पाचच सेल ओळीनं जोडलेले. पूर्ण भरल्यावर सेल चार व्होल्टच्या आसपास दाखवतो म्हणून वीस, चालताना सरासरी ३.६ म्हणून अठरा. जास्त ताकद म्हणून वीसच्या मागं लागू नका. अमेरिकेतल्या पोरांनी सुट्टीला येताना आणलेली मशीनंही माझ्याकडं येतात. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. वायरवरचं मशीन इथल्या प्लगात घातलं की क्षणात धूर. बॅटरीचं मशीन चालतं, पण चार्जरचे आकडे आधी वाचावेत. बॅटरी मात्र तारीख बघून घ्यावी. गोदामात दोन वर्षं पडलेली लिथियम बॅटरी नवीन खोक्यात असली तरी नवी नसते, आणि गोदाम ऑनलाइनचं असो की डीलरचं, धूळ सारखीच बसते.

तारखेवरून आठवलं. ग्राइंडरच्या कटिंग डिस्कच्या मधल्या लोखंडी कड्यावर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. ती त्या डिस्कची मुदत. राळेनं चिकटवलेली डिस्क साधारण तीन वर्षांनी भरवशाची राहत नाही, ओल लागली तर त्याआधीच. चार इंची डिस्कची कड फिरताना ताशी २०० किलोमीटरच्या वर असते. त्या वेगानं तुकडा उडाला तर नुसता गॉगल पुरेल असं नाही. ऑनलाइन पन्नासचा गठ्ठा स्वस्त दिसतो, त्यावरची तारीख चित्रात कळत नाही. काउंटरवरची डिस्क उलटून वाचता येते. वाचतं मात्र कुणी नाही. डिस्कवर किती फेऱ्यांपर्यंत चालेल तेही छापलेलं असतं. तो आकडा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा मोठा हवा.

ऑनलाइनच घ्यायचं ठरलं असेल तर खोकं उघडताना मोबाइलवर चित्रण करा, सिरियल नंबरचा फोटो काढा, परत करायची मुदत संपायच्या आत मशीनला खरं काम द्या. लोक पंधरा दिवस कपाटात ठेवतात, मुहूर्ताला काढतात आणि मग बिघाड सापडतो. विक्रेता दाद देत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लावा. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा का असेना. पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी नाही.

गगनबावड्याकडच्या एका सुतारमामांना तर मी स्वतःच ऑनलाइन मागवायला सांगितलं. त्यांना राऊटरचा एक विशिष्ट घाटाचा बिट हवा होता, नक्षीच्या दारासाठी. तालुक्याला असला माल कोण ठेवणार? कोल्हापुरातही दोन ठिकाणी नाही म्हणाले. असल्या नगांना ऑनलाइनसारखी सोय नाही. बिट, जिग, क्लॅम्प, मापाची अवजारं यांत जळण्यासारखं काही नसतं, त्यांना सर्व्हिस सेंटर लागत नाही.

आमच्या बोळाच्या तोंडाशी ज्यांचं दुकान आहे ते काका ऑनलाइनच्या नावानं दिवसभर बोटं मोडतात. गेल्या महिन्यात त्यांच्या काउंटरवर एक गिऱ्हाईक तसलाच बिट मागत होतं. काकांनी चष्मा कपाळावर घेतला, मोबाइल काढला, मागवला आणि म्हणाले, "बुधवारी या." वर साठ रुपये लावले. बिल मात्र पक्कं दिलं.