एडवणच्या वाळूवरून उल्कावर्षाव

कधी: मिथुन राशीतला वर्षाव १३-१४ डिसेंबरच्या रात्री भरात असतो. ऑगस्टमधला ययाती वर्षाव पावसाळी ढगांआड जातो.

कसा: वाळूवर चटई अंथरून उताणे पडा. मोबाइल बंद ठेवा. डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटे लागतात. दुर्बीण नको. मध्यरात्रीनंतर मिथुन रास जवळपास डोक्यावर येते.

दगड सापडला तर: उल्कापाषाणावर पातळ, काळी, जळकट साल असते. तो आकाराच्या मानाने जड लागतो आणि बहुधा चुंबकाला ओढला जातो.

घाई नको: २ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, राज्यात अनेकांना उल्काच वाटलेली ती तेजस्वी रेघ रॉकेटच्या अवशेषांची होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत धातूचे मोठे कडे पडले.