श्रमदान आणि यंत्रे : थोडी खबरदारी

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आपल्या संस्थेच्या आवारात श्रमदान होते. वाळलेल्या फांद्या तोडणे, गवत कापणे, कुंपण दुरुस्त करणे ही कामे पूर्वी कोयता, कुऱ्हाड आणि हातकरवतीने होत असत. आता यंत्रे भाड्याने मिळतात. काम लवकर उरकते, पण अपघातही तितक्याच लवकर होतो. एका श्रमदानात आमच्या डोळ्यांदेखत एक तरुण कार्यकर्ता शिडीवर उभा राहून पेट्रोलवरची साखळी करवत (चेन सॉ) चालवीत होता. करवत एकदम उसळली आणि त्याच्या सदऱ्याची बाही फाडून गेली. हात थोडक्यात वाचला. आम्ही दहा-बारा जण खाली उभे होतो, पण त्याला कोणीही थांबविले नव्हते. ही खंत मनात ठेवूनच हा लेख लिहीत आहोत.

जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवरची साखळी करवत बनविली. ती चालवायला दोन माणसे लागत. आजची करवत एकटा माणूस सहज उचलतो, त्यामुळे ती कोणालाही चालविता येईल असे वाटते. हाच गैरसमज घातक आहे.

करवत का उसळते?

या यंत्रात एका लांब पट्टीभोवती दातेरी साखळी फिरते. तिचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर असतो. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला किंवा शेजारच्या फांदीला लागला की दाते अडकतात आणि साखळीचा सारा जोर पट्टीला वर व मागे, चालविणाऱ्याच्या दिशेने फेकतो. हे डोळ्याचे पाते लवण्याआधी घडते. तेथे अंगातली ताकद कामी येत नाही, योग्य सवयच कामी येते.

पाळावयाचे नियम

१) उजवा हात मागच्या मुठीवर व डावा पुढच्या मुठीवर ठेवावा. दोन्ही अंगठे मुठीभोवती घट्ट असावेत. एका हाताने कधीही कापू नये.

२) शिडीवरून अथवा खांद्याच्या वर करवत चालवू नये. उंचावरची फांदी जाणकार कामगाराकडूनच तोडून घ्यावी. विजेच्या तारांजवळील फांदीबाबत वीज कार्यालयाला कळवावे.

३) पुढच्या मुठीसमोरील ढाल पुढे ढकलली की साखळी थांबली पाहिजे. हा ब्रेक रोज काम सुरू करण्यापूर्वी तपासावा.

४) लाकडाच्या कपच्यांऐवजी बारीक भुसा पडू लागला, तर साखळी बोथट झाली असे समजावे. जोर न लावता तिला धार करावी.

५) इंजिन थंड झाल्यावरच पेट्रोल भरावे. भरलेल्या जागेपासून निदान ३ मीटर दूर जाऊन यंत्र सुरू करावे. जवळ विडी-सिगारेट नको.

६) चष्मा, कानांचे संरक्षण, हातमोजे व जाड बूट वापरावेत. चपला घालून हे काम करू नये.

इतर लहान यंत्रे

गवत कापण्याच्या यंत्राने खडे गोळीसारखे उडतात. म्हणून १५ मीटरच्या आत कोणी, विशेषतः मुलांनी, थांबू नये. ग्राइंडरवरचे झाकण काढून काम करू नये. ड्रिल चालविताना ओढणी, पदर, मफलर व सैल बाह्या आवरून घ्याव्यात. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजेही नकोत, कारण ते गुंततात. पाते किंवा बिट बदलण्यापूर्वी पिन काढावी. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. वायर सोललेली नसावी, प्लग तीन पिनांचा असावा आणि अर्थिंग तपासलेले असावे. ओल्या जमिनीवर विजेचे यंत्र वापरू नये.

शहरी भागात झाड तोडण्यापूर्वी १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड आपल्या आवारातील असले तरी हा नियम लागू होतो, हे पदाधिकाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

शेवटी एक विनंती. यंत्र शिकलेल्यानेच हाती घ्यावे आणि ते चालविताना जवळ दुसरा माणूस असावा. धोका दिसताच ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार सर्वांना असावा. लहान विद्यार्थ्याने थांबा म्हटले तरी थोरांनी यंत्र बंद करावे आणि मगच काय झाले ते विचारावे. त्या दिवशी आमच्यापैकी एकाने जरी तो शब्द उच्चारला असता, तरी तो प्रसंग टळला असता.