ऑनलाइन खरेदी आणि दुकानातील खरेदी : वस्तूच्या स्वरूपानुसार एक विवेचन

ऑनलाइन खरेदी श्रेयस्कर की दुकानातील, हा प्रश्न सामान्यतः किंमत आणि सोय या दोनच कसोट्यांवर मांडला जातो. वस्तुतः त्याचे उत्तर वस्तूच्या स्वरूपावर अधिक अवलंबून असते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० साली वस्तूंचे दोन वर्ग कल्पिले : गुणवत्ता खरेदीपूर्वीच पारखता येणाऱ्या वस्तू आणि गुणवत्ता वापरल्यावरच कळणाऱ्या वस्तू. १९७३ साली डार्बी व कार्नी यांनी तिसऱ्या वर्गाची भर घातली. त्यातील वस्तूचा दर्जा ग्राहकास वापरानंतरही सहजी ठरविता येत नाही; विक्रेत्यावर विश्वासच ठेवावा लागतो.

पुस्तक हे पहिल्या वर्गाचे ठळक उदाहरण होय. लेखक, प्रकाशक व आवृत्ती निश्चित झाली की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात घेतलेली प्रत आणि घरपोच आलेली अस्सल प्रत यांत भेद उरत नाही. ॲमेझॉनने १९९५ मध्ये आणि फ्लिपकार्टने २००७ मध्ये विक्रीचा आरंभ पुस्तकांपासूनच केला, हा केवळ योगायोग नव्हे. तालुक्याच्या गावातील प्राध्यापकास संदर्भग्रंथासाठी पुण्या-मुंबईच्या फेरीची वाट पाहावी लागत नाही, हा लाभ लहान नाही. (चाळता चाळता अवचित हाती लागणारे पुस्तक मात्र दुकानातच भेटते.)

येवल्याच्या पैठणीची गोष्ट निराळी आहे. हातमागाच्या पारंपरिक पैठणीत नक्षीचे रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणले जात असल्याने पदराची उलट बाजू सुलट बाजूसारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावरील अनुकरणात मागे बहुधा सुटे धागे आढळतात. जाणकार स्त्री दुकानात प्रथम पदर उलटून पाहते, ती याचसाठी. पडद्यावर दिसते ती बहुतेक वेळा सुलट बाजूच. रेशीम अस्सल आहे काय, हे तर हाताला लागूनही सर्वांस कळत नाही. तेथे सिल्क मार्कसारखे प्रमाणचिन्ह किंवा पिढ्यान्‌पिढ्यांचा दुकानदार यांचाच आधार. अर्थात, तिसऱ्या वर्गात दुकानही आपोआप सुरक्षित ठरत नाही.

फसवणूक झाल्यास दाद कोठे मागावी, हा प्रश्न दूरच्या विक्रेत्याच्या बाबतीत कळीचा ठरतो. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीचे स्थान मुख्यतः विरुद्ध पक्षाचे ठिकाण किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले ते ठिकाण यांवरून ठरे. जुलै २०२० मध्ये अमलात आलेल्या २०१९ च्या कायद्याने ग्राहकास स्वतःच्या निवासाच्या वा नोकरी-व्यवसायाच्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडेही जाण्याची मुभा दिली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. सदोष, बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तथापि रंग मनास आला नाही, एवढ्या कारणास्तव परतीचा सार्वत्रिक हक्क हे नियम देत नाहीत; तेथे कंपनीचे धोरण पाहावे लागते.

दुकानांतील ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटीही सदोष मालास लागू पडत नाही. असा माल पावतीवरील मुदतीत, मुदत नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हा २०१९ च्या कायद्यान्वये अनुचित व्यापारी व्यवहार आहे. मात्र त्यासाठी ग्राहकाजवळ पावती असावी लागते, आणि ऑनलाइन व्यवहारात आपोआप मिळणारी ही पावती दुकानात अनेकदा मागूनच घ्यावी लागते.