इनाम आणि खुराक

चैत्र लागून कोल्हापूरच्या पंचक्रोशीत जत्रा-उरुसांचे दिवस आले, म्हणजे एस. टी. थांब्याच्या भिंतीवर, पानपट्टीच्या फळीवर आणि दूध संस्थेच्या दारावर कुस्ती मैदानाची जी पत्रके डकवलेली दिसतात, ती मी लहानपणापासून मोठ्या आस्थेने वाचीत आलो आहे. माथ्यावर ग्रामदैवताचे नाव, त्याखाली एक नंबरच्या कुस्तीची जोडी, दोघांच्या तालमींची आणि वस्तादांची नावे, मधोमध ठळक आकड्यांत इनामाची रक्कम. मग दोन नंबर, तीन नंबर अशी उतरती भाजणी, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत, लहान मुलांच्या कुस्त्या जागेवर नेमल्या जातील अशी सूचना. मैदान मात्र पत्रकाच्या उलट्या क्रमाने चालते. हलगी कडाडली की पहिल्याने उतरतात ती सहा-सात वर्षांची पोरे, आणि त्यांची कुस्ती असते रेवड्यांवर किंवा नारळावर. आमच्या गावच्या मैदानात चितपट झालेल्या पोराच्या मातीने माखलेल्या ओंजळीतही पंच मूठभर रेवड्या घालीत, आणि पाठीवरची माती झाडून त्याला हौद्याबाहेर पाठवीत. हरलेल्याच्या हाती काय पडते, हा प्रश्न मला त्या ओंजळीने शिकवला, आणि पुढे अनेक वर्षांनी एका निराळ्याच खेळाच्या बक्षिसांचे तक्ते चाळताना तोच प्रश्न मी घेऊन बसलो.

तो खेळ टेनिस. विंबल्डनच्या किंवा अमेरिकन स्पर्धेच्या विजेत्याला किती कोटी मिळाले, हे आपली वृत्तपत्रे दरसाल मोठ्या अक्षरांत छापतात. पण त्या रकमेला मराठीत नेमके कोणते नाव द्यावे, याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. आपल्या भाषेत या व्यवहाराला एक शब्द नाही; अनेक आहेत, आणि प्रत्येकाची हद्द वेगळी आहे. पारितोषिक म्हणजे ज्याने चित्ताला परितोष व्हावा ते. बक्षीस हे देणाऱ्याच्या खुशीचे. इनाम हे पराक्रमाच्या मोबदल्याचे, संस्थानी काळात तर सनदेने पिढ्यानपिढ्या चालणारे. बिदागी गवयाला वा शाहिराला निरोप देताना हाती ठेवायची. आणि खुराक तो, जो पहिलवानाला कुस्ती जिंकण्याच्या आधी, हरल्यानंतर, आणि कुस्ती नसेल त्या दिवशीही लागतो: दूध, तूप, बदाम, थंडाई. इनाम वर्षातून चार वेळा मिळेल, न मिळेल, खुराक रोजचा. टेनिसच्या व्यवहारात हे दोन शब्द एकमेकांत मिसळून गेले आहेत, आणि त्या मिसळीतच त्या खेळाचे सारे दुखणे आहे, असे मला वाटते.

पहिले विंबल्डन १८७७ साली झाले, तेव्हा बावीस खेळाडूंनी एकेक गिनी प्रवेशशुल्क भरून नावे नोंदवली होती, आणि विजेत्या स्पेन्सर गोरला बारा गिनींचे बक्षीस व एक रौप्यचषक मिळाला. त्यानंतर सुमारे नव्वद वर्षे या खेळाच्या धुरीणांनी असा दंडक चालवला, की द्रव्याचा स्पर्श झालेला खेळाडू मोठ्या स्पर्धांस अपात्र ठरावा. या दंडकाला शुचितेचे वस्त्र होते, पण त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की ज्याच्या घरी आधीच मुबलक आहे त्याने उजळ माथ्याने खेळावे, आणि ज्याच्या घरी नाही त्याने एकतर खेळ सोडावा, किंवा आयोजकाकडून खर्चाच्या नावाखाली गुपचूप पाकीट घ्यावे. आपल्या रामनाथन कृष्णनला जॅक क्रेमरने धंदेवाईक मंडळीत सामील होण्यासाठी मोठी रक्कम देऊ केली, तेव्हा ती घेणे म्हणजे विंबल्डन आणि डेव्हिस चषक दोहोंना मुकणे होते, म्हणून त्याने ती नाकारली. १९६८ साली हा बांध फुटला आणि विंबल्डन सर्वांना खुले झाले. एकूण बक्षिसे २६,१५० पौंडांची. पुरुषांत रॉड लेव्हरला २,००० पौंड, स्त्रियांत बिली जीन किंगला अवघे ७५०. त्याच वर्षी अमेरिकेची पहिली खुली स्पर्धा आर्थर ॲशने जिंकली. परंतु तो अजून हौशी खेळाडूंच्या यादीत असल्यामुळे विजेत्याचे १४,००० डॉलर अंतिम सामन्यात हरलेल्या टॉम ओकरला मिळाले, आणि ॲशला दैनिक भत्त्यावर समाधान मानावे लागले. स्त्री-पुरुषांना समान बक्षीस अमेरिकेने १९७३ मध्ये दिले, विंबल्डनने २००७ मध्ये. मधली चौतीस वर्षे विंबल्डनने युक्तिवादांत घालवली, आणि त्यांतला एकही मला पटलेला नाही.

द्रव्याने खेळ विटाळतो असे इंग्लंडात मानले जात होते, नेमक्या त्याच काळात इंग्रजांच्याच मांडलिक असलेल्या कोल्हापूर संस्थानात काय चालले होते, हे पाहिले म्हणजे ऊर भरून येतो. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी विलायतेस गेले. त्या प्रवासात रोमचे प्राचीन प्रेक्षागार त्यांनी पाहिले आणि तसा आखाडा आपल्या राजधानीत असावा असे त्यांच्या मनाने घेतले. १९०७ मध्ये सुरू झालेले खासबाग मैदानाचे काम १९१२ मध्ये पुरे झाले, आणि इमामबक्ष व गुलाम मोहिद्दीन यांच्या कुस्तीने त्याचे उद्घाटन झाले. मधला हौदा उंचावर आणि भोवती चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना आहे, त्यामुळे अगदी वरच्या फरसावर बसलेल्या शेतकऱ्यालाही डाव स्पष्ट दिसतो. पण खासबाग ही दिसणारी गोष्ट झाली. न दिसणारी, आणि माझ्या मते थोर, गोष्ट ही की दरबाराने मल्लांचा खुराक आपल्या खर्चात घेतला होता. गोरगरीब कुणब्याचा पोर तालमीत राहायचा, त्याच्या दुधातुपाची चिंता हुजूर खासगीने वाहायची, आणि मैदानात तो हरला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे दूध थांबत नसे. इनाम निराळे, खुराक निराळा, ही व्यवस्था ज्या राज्यकर्त्याला समजली त्याच्याच राजधानीला कुस्तीपंढरी हे नाव शोभले.

हा आधार सुटला की काय होते, तेही याच नगरीने पाहिले. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने गेले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा त्यांना दारोदार वर्गणी मागावी लागली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक एका शिक्षकाच्या गहाणखतावर आले. पदक मिळाल्यावर मिरवणूक निघाली. ती निघणारच होती. प्रश्न मिरवणुकीच्या आधीचा आहे.

आता टेनिसच्या ताळेबंदाकडे वळू. २०२५ च्या विंबल्डनमध्ये एकूण ५ कोटी ३५ लाख पौंड वाटले गेले. एकेरीच्या विजेत्याला ३० लाख पौंड, आणि मुख्य स्पर्धेच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्याला ६६ हजार. त्याच वर्षीच्या अमेरिकन स्पर्धेची एकूण रक्कम ९ कोटी डॉलर. विजेत्याला ५० लाख, पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १ लाख १० हजार. म्हणजे दोन्हीकडे शिखर आणि पायथा यांचे प्रमाण पंचेचाळीसास एक असे पडते. हे प्रमाण पाहून कोणी हळहळेल, पण मला ते फारसे खटकत नाही. कारण पायथ्याच्या माणसालाही तिथे वर्षाचा खर्च निभावण्याजोगी रक्कम मिळते. खरी दरी या दोघांच्या मधली नव्हे; ती या १२८ जणांच्या मंडपात शिरलेल्यांची आणि मंडपाबाहेर राहिलेल्यांची आहे. धंदेवाईक टेनिसची सर्वांत खालची पायरी म्हणजे १५ हजार डॉलरांच्या स्पर्धा. तिथे आठवडाभर खेळून जिंकणाऱ्या पुरुषाला २,१६० डॉलर मिळतात, आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६. आपल्या चलनात ते तेरा-चौदा हजार रुपये झाले. त्यात परगावचे जाण्यायेण्याचे भाडे निघेना, मग मुक्कामाचे आणि जेवणाचे नाव कशाला? आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ च्या हिशेबांवरून जी पाहणी केली, तीत प्रशिक्षकाचा खर्च न धरताही पुरुष खेळाडूला वर्षाला सुमारे ३९ हजार डॉलर लागतात आणि जमाखर्च जेमतेम जुळतो तो क्रमवारीतल्या ३३६ व्या पुरुषाचा आणि २५३ व्या स्त्रीचा, असे निष्पन्न झाले. जगातला चारशेवा उत्तम वकील किंवा चारशेवा उत्तम वैद्य उपाशी राहतो असे कधी ऐकले आहे काय?

महाराष्ट्राच्या वाट्याला या दुनियेतली एक मोठी स्पर्धा काही काळ आली होती. १९९६ मध्ये दिल्लीस सुरू होऊन दुसऱ्या वर्षापासून चेन्नईत स्थिरावलेली पुरुषांची स्पर्धा २०१८ मध्ये पुण्यास आली, आणि बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात महाराष्ट्र ओपन या नावाने भरू लागली. बक्षिसांची एकूण रक्कम पाच लाख डॉलरांच्या वर. पहिल्या वर्षी फ्रान्सचा जिल सिमाँ जिंकला; दुसऱ्या वर्षी केव्हिन अँडरसन आणि एकोणचाळीस वर्षांचा इव्हो कार्लोविच या दोन ताडमाड पुरुषांनी तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत नेले आणि अँडरसनने बाजी मारली. रोहन बोपण्णाने इथे दुहेरीचे विजेतेपद दोनदा मिळवले, २०१९ मध्ये दिविज शरणसह आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनसह.

परंतु मला या स्पर्धेतले विजेते तितके आठवत नाहीत, जितके पहिल्या फेरीतले पराभूत आठवतात. २०२३ च्या जानेवारीत पुण्याचा पंधरा वर्षांचा मानस धामणे आयोजकांच्या खास प्रवेशावर मायकेल मो याच्यासमोर उभा राहिला आणि २-६, ४-६ असा हरला. पुण्याच्याच अर्जुन कढेनेही असेच प्रवेश मिळवून या मैदानावर पाय रोवण्याचा प्रयत्न केला होता. पुढे २०२४ मध्ये त्याने ऋत्विक बोल्लिपल्लीच्या जोडीने अल्माटीत दुहेरीचे विजेतेपद पटकावले. आणि त्याच २०२३ च्या स्पर्धेत सुमित नागलही पहिल्याच फेरीत बाद झाला. त्या सप्टेंबरात, देशाचा अव्वल एकेरी खेळाडू असताना, त्याने जाहीरपणे सांगितले की वर्षाच्या आरंभी बँकेत होते तेवढेच ९०० युरो आजही शिल्लक आहेत. वर्षभर मिळालेले सारे बक्षीस प्रशिक्षक, विमानभाडे आणि मुक्काम यांतच गेले होते. चार महिन्यांनी, २०२४ च्या जानेवारीत, हाच नागल पात्रता फेऱ्या ओलांडून ऑस्ट्रेलियन स्पर्धेत शिरला, एकतिसाव्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला त्याने नमवले, आणि दुसऱ्या फेरीपर्यंतच्या वाटचालीचे १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे रुपयांत सुमारे अठ्ठ्याण्णव लाख, एका सामन्यासरशी त्याच्या जमेस पडले. वृत्तपत्रांनी त्याला इनाम म्हटले. त्याच्या वहीत तो थकलेला खुराक होता.

त्याच महिन्यात पुण्याची स्पर्धा मात्र नव्हती. अशा स्पर्धेचा परवाना यजमान शहराच्या मालकीचा नसतो. तो ज्याच्या हाती, तो करार संपला की मांडव उचलून दुसरीकडे नेतो. पुण्याच्या तारखा हाँगकाँगकडे गेल्या. सहा वर्षांत पाच वेळा भरलेली ही स्पर्धा गेल्याची हळहळ मला अजून वाटते, आणि ती परदेशी तारे दिसेनासे झाले म्हणून नव्हे. मराठी मुलाला घरच्या भाकरीवर राहून, व्हिसा न काढता, मोठ्या दरबारात एकदा हरून बघण्याची संधी होती, ती गेली म्हणून.

धंदेवाईक पुरुष खेळाडूंच्या संघटनेने २०२४ पासून एक योजना लागू केली आहे. तिच्यानुसार क्रमवारीतल्या पहिल्या शंभरांना वर्षाला किमान ३ लाख डॉलर, १०१ ते १७५ क्रमांकांना दीड लाख आणि १७६ ते २५० क्रमांकांना ७५ हजार डॉलर उत्पन्नाची हमी आहे. बक्षिसांची बेरीज कमी पडली तर उरलेली भर संघटना घालते. ही वार्ता वाचली तेव्हा मी पत्नीला म्हणालो, अगं, यांना महाराजांची रीत शेवटी उमगली! हमी ही इनाम नव्हे. ती तैनात आहे, रोजच्या दुधाची तजवीज आहे. मात्र ती अडीचशेव्या क्रमांकावर थांबते, आणि तिथे पोहोचेपर्यंतची दहा-बारा वर्षे ज्याची त्याने काढायची असतात.

ती वर्षे आमच्या गावातही कोणी काढीत आहे. कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव २०२२ मध्ये विंबल्डनच्या चौदा वर्षांखालील मुलींच्या स्पर्धेत खेळली, तेव्हा लाल मातीच्या या मुलखाला हिरव्या गवताची वार्ता प्रथमच आपल्या घरची वाटली. कुमार वयाच्या स्पर्धांत बक्षिसाची रक्कम नसतेच, आणि नसावी हेच योग्य. पण त्यामुळे त्या वयातला सारा भार घरावर पडतो. कुस्तीच्या पोराला गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमी आहेत, वस्ताद आहे, गावाकडून येणारे दुधाचे कॅन आहे, जत्रेचा हंगाम आहे. टेनिसच्या पोराला यांपैकी काही नाही. सोलापुरात स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरल्या आहेत. मग आमच्या साखर कारखान्यांच्या, दूध संघांच्या आणि सहकारी बँकांच्या जिल्ह्याने वर्षातून एखाद-दोन आठवड्यांची तशी स्पर्धा भरवायला आणि चार-सहा मुलामुलींचा खुराक आपल्या खर्चात घ्यायला हरकत कसली? एक नंबरच्या कुस्तीला लाखांचे इनाम लावणारी गावे ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे ही रक्कम डोईजड खचित नाही.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस पहाटे फिरायला गेलो असता एका कोर्टाच्या कडेला थांबलो. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी भिंतीवर चेंडू मारीत होती. चेंडू इतके जुने, की त्यांची पिवळी लव जाऊन ते राखाडी झाले होते. तिचे वडील स्कूटरवर बसून एका वहीत काही लिहीत होते. मी चौकशी केली तशी त्यांनी वही माझ्या पुढ्यात धरली. डावीकडे तारीख, मग गटिंग, चेंडूंचे डबे, बूट, प्रवेशशुल्क, पुण्याचे एस. टी. भाडे, सारे सुवाच्य अक्षरांत आणि रुपया-पैशापर्यंत मांडलेले. दर पानाच्या शेवटी दूध, अंडी आणि बदाम यांचा एक वेगळा रकाना होता, त्याखाली दोनदा रेघ मारून बेरीज घातलेली, आणि वर मथळ्यात त्यांनी निळ्या शाईने लिहिले होते: खुराक.