एसव्हीएनमधून गिटकडे : कोडसोबत त्याचे ‘फेरफार’ कसे न्यायचे?

परभणी : जिंतूर, सेलू, गंगाखेडहून अभियांत्रिकी करून पुण्याच्या आयटी कंपनीत लागलेला तरुण बहुधा गिट शिकून गेलेला असतो. हाती मात्र कधी कधी दहा-पंधरा वर्षांचा जुना प्रकल्प येतो, आणि तो असतो सबव्हर्जनवर, म्हणजे बोलण्यातल्या एसव्हीएनवर. मग कधीतरी आदेश येतो : हे सगळे गिटवर न्या. यात नेमके काय न्यायचे असते?

सातबारा वाचणाऱ्याला हे समजणे अवघड नाही. जमीन आज कोणाच्या नावे आहे, ते सातबारा सांगतो. ती तशी कशी झाली, ते गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत सापडते. आजचा कोड हा सातबारा धरला, तर कोणती ओळ कोणी, कधी, कशासाठी बदलली याची वही म्हणजे व्हर्जन कंट्रोल. एसव्हीएनमध्ये ही वही एकाच सर्व्हरवर असते. गिटमध्ये प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पूर्ण वहीची नक्कल असते. नेट गेले तरी नोंद करता येते, मागाहून पाठवता येते. गावातून काम करणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

एसव्हीएनचे काम सुरू झाले २००० मध्ये. गिट आले एप्रिल २००५ मध्ये. बिटकीपर ही प्रणाली मोफत वापरण्याची सवलत गेल्यावर लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्ससाठी ते लिहिले. गिटहबने २०१० पासून दिलेली एसव्हीएनची सोय ८ जानेवारी २०२४ रोजी बंद केली.

मराठीनेही हा प्रवास केला आहे. लिनक्सवरचा जीनोम डेस्कटॉप सीव्हीएसवरून एसव्हीएनवर आणि तिथून एप्रिल २००९ मध्ये गिटवर गेला. त्याच्या मेनूंचे मराठी भाषांतर कोडच्याच शेजारी, ‘एमआर डॉट पीओ’ नावाच्या फायलींत असते. त्यामुळे कोडबरोबर भाषांतरांच्या नोंदीही हलल्या.

गोची कुठे होते?

सर्वांत सोपी वाट म्हणजे ताज्या फायली उचलून नव्या गिटमध्ये टाकणे. पहिल्या दिवशी सगळे चालते. तीन महिन्यांनी कोडमध्ये एक विचित्र अट दिसते, ती लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो, आणि ती काढायची हिंमत कोणाची होत नाही.

‘गिट एसव्हीएन क्लोन’ ही आज्ञा जुन्या नोंदी एकेक करून आणते. नोंदी हजारोंनी असतील तर त्यात तासन्‌तास जातात. एसव्हीएनला युजरनेम पुरते. गिटला नाव आणि ईमेल दोन्ही लागतात. म्हणून सोडून गेलेल्यांसकट सर्वांची यादी आधी तयार करावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे आणि नेमके तेच टाळले जाते. शिवाय एसव्हीएनच्या नोंदींना साधे चढते क्रमांक असतात, गिटमध्ये त्यांच्या जागी ४० अक्षरी ओळख येते. जुन्या ईमेलमधले ‘नोंद ४३१२ पाहा’ मग कुठे शोधायचे? ही आज्ञा जुना क्रमांक संदेशाच्या शेवटी आपणहून लिहिते. ‘नो मेटाडेटा’ हा पर्याय दिला की तो जातो. रिकामे फोल्डर तर गिट ठेवतच नाही.

माणसे अडतात ती ओळखीच्या शब्दांवर. एसव्हीएनमध्ये कमिट केले की बदल थेट सर्व्हरवर जातो. गिटमध्ये तो आपल्याच लॅपटॉपवर राहतो, पुश करेपर्यंत सहकाऱ्याला दिसत नाही. एसव्हीएनचे रिव्हर्ट न नोंदवलेले बदल टाकून देते. गिटचे रिव्हर्ट नोंदवलेला बदल उलटवणारी नवी नोंद करते. कोड हलवायला सर्व्हर रात्रभर चालतो. या दोन शब्दांसाठी मात्र अर्धा दिवसही राखला जात नाही.

प्रत्यक्ष बदलाच्या दिवशी आधी एसव्हीएनवरचे लेखन थांबवतात, शेवटच्या नोंदी आणतात, दोन्हीकडच्या फायली ताडून पाहतात. जुना सर्व्हर लगेच पुसत नाहीत, फक्त वाचण्यापुरता ठेवतात. संगणकीकृत सातबाऱ्यातली लेखनचूक कलम १५५ खाली दुरुस्त करायची, तरी ताडून पाहायला जुना हस्तलिखित उताराच काढावा लागतो.