दहा सेंटांचा पोकर आणि वर्गमूळाचा हिशेब

१५ एप्रिल २०११, शुक्रवार. अमेरिकेत संगणकावर पोकर खेळायला बसलेल्या अनेकांना त्या दिवशी पडद्यावर पत्त्यांऐवजी न्याय खात्याची नोटीस दिसली. तीन सर्वांत मोठ्या कंपन्यांची संकेतस्थळे सरकारने ताब्यात घेतली होती. तेव्हा खेळ सोडलेले बरेचजण आता पुन्हा थोड्या पैशांत खेळू पाहतात. पाच-दहा सेंटांच्या टेबलावर, करमणूक म्हणून. त्यांचा प्रश्न साधा असतो : हे सुरक्षित आहे का?

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्याच रीतीने निकालात निघाला. तरी त्याच्या उत्तरात अकरावी-बारावीची जवळजवळ सगळी संभाव्यता येते, म्हणून शिक्षकांनी तो हाताळून पाहावा.

खेळ थोडक्यात असा. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते इतरांना दिसत नाहीत. मग टेबलावर टप्प्याटप्प्याने पाच सामाईक पत्ते उघडतात. दर टप्प्याला पैसे लावायचे किंवा पत्ते टाकून बाहेर पडायचे. डाव सुरू करण्यासाठी दोघांना ठरावीक रक्कम आधीच घालावी लागते. तिला ‘ब्लाइंड’ म्हणतात. आपण मोठा ब्लाइंड १० सेंटांचा धरू आणि सगळा हिशेब ब्लाइंडमध्येच करू.

पहिली शंका पत्ते पिसण्याची. समोर माणूस पत्ते पिसत असेल तर आपण पाहतो. यंत्र पिसते तेव्हा काय पाहायचे? ५२ पत्ते मांडायच्या रीती ५२! इतक्या, म्हणजे सुमारे ८ वर ६७ शून्ये. १९९९ मध्ये एका पोकर कंपनीला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांनी आपली पिसण्याची पद्धत विश्वास बसावा म्हणून जाहीर केली. काही संगणकतज्ज्ञांनी ती वाचली आणि तिच्यात दोन दोष सापडले.

पहिला दोष वर्गात करून पाहण्यासारखा आहे. तीन चिठ्ठ्या घ्या : १, २, ३. पहिल्या जागेवरची चिठ्ठी तिन्हींपैकी कोणत्याही जागेशी बदला, मग दुसऱ्या जागेवरची, मग तिसऱ्या. दर वेळी तीन पर्याय, म्हणजे एकूण २७ वाटा. पण मांडण्या फक्त सहा. २७ ला ६ ने भाग जात नाही, म्हणून सहाही मांडण्या सारख्या वेळा येणे शक्यच नाही. मुलांनी २७ वाटा लिहून काढल्या तर तीन मांडण्या पाच-पाच वेळा आणि तीन चार-चार वेळा येताना दिसतील. बरोबर रीत अशी : पहिल्या जागेसाठी तिघींतून एक निवडा, दुसरीसाठी उरलेल्या दोघींतून एक. वाटा सहा, मांडण्या सहा. त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चुकीची रीत होतीच, शिवाय अदलाबदलीची जागा निवडताना संख्या १ ते ५२ ऐवजी १ ते ५१ मधून घेतली जाई. त्यामुळे सुरुवातीला शेवटी असलेला पत्ता पिसल्यावर शेवटी कधीच राहू शकत नसे. असे का, हे विद्यार्थ्यांना विचारा.

दुसरा दोष जास्त गंभीर होता. संगणक यादृच्छिक संख्या सूत्राने काढतो आणि सूत्राला सुरुवातीची एक संख्या द्यावी लागते. या सॉफ्टवेअरमध्ये ती मध्यरात्रीपासून उलटलेल्या मिलिसेकंदांवरून घेत. दिवसात मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख. म्हणजे ८ वर ६७ शून्ये इतक्या मांडण्यांपैकी फार तर तेवढ्याच निघू शकत. आपले घड्याळ त्यांच्या घड्याळाशी जुळवले की शक्यता सुमारे दोन लाखांवर येत. आपले दोन आणि टेबलावरचे पहिले तीन, असे पाच पत्ते कळले की बाकीची सगळी रास उघडी पडे, इतरांच्या हातासकट. तज्ज्ञांनी हे चालू डावात करून दाखवले. आज परवाना देणाऱ्या राज्यांत संख्या काढणारी यंत्रणा बाहेरच्या प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावी लागते. आपल्याला पत्ते पिसताना पाहता येत नाहीत. कोणीतरी पाहिले आहे का, एवढे मात्र विचारता येते.

पिसणे चोख असूनही फसवणूक झाली आहे. २००७ मध्ये ॲब्सोल्यूट पोकर आणि पुढच्या वर्षी अल्टिमेट बेट या कंपन्यांत काही खात्यांना इतरांचे झाकलेले पत्ते दिसत होते हे उघड झाले. ते पकडले खेळाडूंनीच, आणि तेही आकडेमोडीने. त्या खात्यांची जिंकण्याची गती इतर हजारो खेळाडूंच्या सरासरीपासून इतकी दूर होती की नशिबाने तिचा खुलासा होईना.

आता पैशांचे. २००६ च्या अमेरिकन कायद्याने बेकायदा ऑनलाइन जुगाराचे व्यवहार बँकांमार्फत करायला मनाई केली, तरी परदेशी कंपन्या आडवाटेने पैसे घेत राहिल्या. २०११ ची कारवाई त्यावरून झाली. त्यातली फुल टिल्ट ही कंपनी जगभरच्या खेळाडूंना सुमारे ३९ कोटी डॉलर देणे लागत होती आणि बँकेत होते सुमारे ६ कोटी, असे न्याय खात्याने त्याच वर्षी कोर्टात मांडले. खेळाडूंची ठेव वेगळी राखलेलीच नव्हती. मालक आणि संचालकांना मात्र चार वर्षांत ४४ कोटींहून अधिक वाटले गेले होते. पडद्यावर दिसणारी शिल्लक हा नुसता आकडा होता. प्रतिस्पर्धी पोकरस्टार्सने सरकारशी तडजोड करून फुल टिल्ट घेतली, तेव्हा त्या पैशातून अमेरिकन खेळाडूंची परतफेड २०१४ मध्ये सुरू झाली. ॲब्सोल्यूट पोकरच्या लोकांना २०१७ पर्यंत थांबावे लागले.

२०१३ पासून चित्र बदलले, पण राज्याराज्याने. त्या वर्षी नेवाडा, डेलावेअर आणि न्यू जर्सीत परवान्याने खेळ सुरू झाला, २०१९ मध्ये पेनसिल्व्हेनियात, २०२१ मध्ये मिशिगनमध्ये. आपापले खेळाडू एकत्र बसवण्याच्या करारात पुढे वेस्ट व्हर्जिनियाही आले. यात राहण्याचा पत्ता पाहत नाहीत. खेळताना तुम्ही त्या राज्याच्या हद्दीत आहात का, हे फोन किंवा संगणकाच्या ठावठिकाण्यावरून पाहतात, आणि वय २१ पूर्ण लागते. बहुतेक राज्यांत मात्र परवानाधारक पोकर नाहीच. तिथला माणूस परदेशी संकेतस्थळाकडे वळतो, आणि पैसे अडकले तर दाद मागायला जागा नसते. माझ्या मते त्या राज्यांतल्या माणसाने घरच्या घरी मित्रांशी खेळावे, तेही तिथला कायदा पाहून. परवाना असलेल्या ठिकाणीसुद्धा आधी थोडी रक्कम भरून त्यातली काही परत काढून पाहावी.

पत्ते खरे, पैसे सुरक्षित. तरी नुकसान होईलच, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दर डावाच्या रकमेतून कंपनी आपला वाटा कापते, त्याला ‘रेक’ म्हणतात. समजा डावात सरासरी ८० सेंट जमले आणि रेक ५ टक्के, म्हणजे ४ सेंट. शंभर डावांत ४ डॉलर टेबलावरून उठून गेले. सहाजण सारख्याच कुवतीचे असतील तर प्रत्येकाचे ६७ सेंट, म्हणजे जवळजवळ सात ब्लाइंड, गेले. टेबलावर बाहेरून नवे पैसे येत नाहीत. म्हणून फायद्यात राहायचे तर इतरांपेक्षा थोडे बरे असून भागत नाही, रेक भरून निघेल इतके बरे असावे लागते.

आता एक चांगला खेळाडू घेऊ. रेक जाऊन शंभर डावांत तो सरासरी ५ ब्लाइंड जिंकतो. या खेळात शंभर डावांच्या निकालाचे प्रमाण विचलन साधारण ८० ते १०० ब्लाइंड असते, आपण ९० धरू. दहा हजार डावांनंतर त्याची अपेक्षित कमाई ५ × १०० = ५०० ब्लाइंड. विचलन मात्र १०० पटीने वाढत नाही, ते १०० च्या वर्गमूळाने वाढते : ९० × १० = ९००. तासाला सत्तर डाव धरले तर यासाठी सुमारे १४० तास लागले. आणि एवढे बसूनही तो तोट्यात असण्याची शक्यता सुमारे २९ टक्के! लाख डाव खेळला तर अपेक्षा ५००० ची, विचलन सुमारे २८५०, आणि तोट्याची शक्यता ४ टक्क्यांवर येते. हेच उलट वाचा. वाईट खेळाडूही महिनोन्‌महिने जिंकत राहू शकतो आणि आपण तरबेज आहोत असे समजू शकतो.

म्हणून खेळाडू खेळासाठी रक्कम बाजूला काढून ठेवतात. ती कधीतरी पूर्ण संपण्याची शक्यता साधारणपणे ई चा ऋण घात (२ × सरासरी × रक्कम ÷ विचलनाचा वर्ग) या सूत्राने मिळते. वरच्या खेळाडूने १००० ब्लाइंड, म्हणजे १०० डॉलर ठेवले तर ती शक्यता २९ टक्के निघते. ३०० डॉलर ठेवले तर अडीच टक्के. हजार डॉलरचा पगारही न हलवता हे जमते, असे वाटून माणूस खूश होतो. पण सूत्रातली सरासरी शून्य किंवा उणे घातली की कितीही रक्कम ठेवा, खेळत राहिल्यास ती संपणार हे निश्चित. आणि परत येणाऱ्याला स्वतःची सरासरी माहीत नसते. त्याच्याजवळ असते २०१० ची आठवण.

मधल्या काळात टेबलावरचे लोक बदलले आहेत. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या टुओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांच्या ‘लिब्राटस’ या प्रोग्रॅमने चार व्यावसायिक खेळाडूंना १ लाख २० हजार डावांत हरवले. त्याला महासंगणक लागला होता. दोनच वर्षांनी आलेला ‘प्लुरिबस’ सहाजणांच्या टेबलावर व्यावसायिकांना भारी पडला, तोही प्रत्यक्ष खेळताना दोन प्रोसेसरवर. असे प्रोग्रॅम खेळात वापरायला कंपन्यांची बंदी असते आणि त्या ते शोधतही असतात. पण त्यांच्याकडून शिकलेली माणसे टेबलावर बसलेलीच आहेत, त्यांना कोण बंदी घालणार?

तेव्हा पैसे भरण्याची मर्यादा पहिल्या दिवशी, हरण्याच्या आधी घालून घ्यावी. महिन्याला तीस डॉलर, म्हणजे दोन माणसांच्या सिनेमाएवढे, असे काही. परवान्याच्या ठिकाणी ही सोय खात्यातच असते आणि तिची रचना नीट विचार करून केलेली आहे : मर्यादा कमी केली तर लगेच लागू होते, वाढवली तर थांबावे लागते. त्यापलीकडे, ठरावीक मुदतीसाठी स्वतःलाच खेळायला बंदी करून घेण्याचा अर्जही राज्याकडे करता येतो. मुदत संपायच्या आत तो मागे घेता येत नाही.