खाड्याचा दुसरा दिवस

लोकांना नेमानं व्यायामाला यायला लावायचं तरी कसं, या प्रश्नावर अमेरिकेत काही वर्षांपूर्वी एक अवाढव्य प्रयोग झाला. ‘२४ अवर फिटनेस’ या जिमच्या साखळीचे ६१,२९३ सभासद, १५ विद्यापीठांतले ३० शास्त्रज्ञ आणि त्यांनी आखलेले चार-चार आठवड्यांचे ५४ कार्यक्रम. पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या केटी मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली ‘नेचर’मध्ये त्याचे निकाल छापले. सुमारे ४५ टक्के कार्यक्रमांमुळे जिमच्या फेऱ्या ९ ते २७ टक्क्यांनी वाढल्या होत्या. यातलं काय चालेल, हे तज्ज्ञांना आधी विचारून ठेवलं होतं. त्यांचे अंदाज चुकले. सगळ्यांत वर आला तो एक अगदी किरकोळ वाटणारा कार्यक्रम: ठरलेला दिवस चुकला, तर पुढच्या वेळी परत आल्याबद्दल जादा गुण, किंमत सुमारे ९ सेंट. आपल्या पैशात तेव्हाचे सहा-सात रुपये. त्यात कटिंग चहासुद्धा धड येत नाही.

सहा-सात रुपयांसाठी कुणी पहाटे उठत नाही. मग जोर कशात होता? या योजनेनं माणसाला ‘रोज ये’ एवढंच सांगितलं नाही. ‘तू कधीतरी चुकणार आहेस, हे आम्हाला ठाऊक आहे, चुकलास की लगेच परत ये,’ असंही सांगितलं. व्यायाम आणि आहाराचे संकल्प मोडतात ते बहुधा पहिल्या खाड्याला नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी. आपली सगळी शिस्त, सगळे ॲप आणि सगळे उपदेश मात्र पहिला खाडा पडू नये यासाठीच खर्ची पडतात.

खाडा पडल्यावर मनात काय होतं, ते १९७५ सालच्या एका प्रयोगातून छान दिसलं. पीटर हरमन आणि डेबोरा मॅक यांनी काही तरुणींना आधी मिल्कशेक प्यायला दिलं आणि मग ‘चव बघण्यासाठी’ म्हणून हवं तेवढं आइस्क्रीम समोर ठेवलं. एरवी पथ्य न पाळणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलेलं होतं, साहजिकच आहे. ज्या मुली वजनाच्या काळजीनं मोजूनमापून खात होत्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त खाल्लं. पथ्य एवीतेवी मोडलंच आहे, तर आता कशाला हात आखडायचा! आपल्याकडे हाच न्याय सकाळच्या साबुदाणा वड्यापासून रात्रीच्या श्रीखंडापर्यंत चालतो आणि शेवटी ‘सोमवारपासून बघू’वर येऊन थांबतो. नुकसान पहिल्या वड्यानं फारसं होत नाही. ते होतं ‘एवीतेवी’नं.

खरं तर एका खाड्यानं सवयीचं काही बिघडत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना रोजची एक नवी गोष्ट निवडायला लावली. कुणी जेवणासोबत फळ खायचं ठरवलं, कुणी ठरावीक वेळी पळायचं. १२ आठवडे ती गोष्ट किती आपोआप होते, याची नोंद ठेवली. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यांक निघाला ६६. पण माणसामाणसात फरक केवढा, तर १८ दिवसांपासून थेट २५४ दिवसांपर्यंत (१२ आठवड्यांपुढचे आकडे नोंदींवरून बांधलेले अंदाज). व्यायामासारखी कष्टाची गोष्ट रुजायला पाण्याचा पेला पिण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हेही दिसलं. एखादा दिवस चुकला, तरी सवय घडण्याच्या वेगावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे जे ऐकू येतं, त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, एवढंच त्याचं निरीक्षण होतं. त्यातला ‘किमान’ वाटेत गळाला आणि चेहऱ्याच्या जागी सूर्यनमस्कार आले. बाविसाव्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता प्रश्न असा, की खाडा पडला हे आपल्याला कळतं का? सोपा वाटतो, पण नाही. न्यूयॉर्कच्या सेंट ल्यूक्स-रूझवेल्ट रुग्णालयातल्या संशोधकांनी १९९२ साली काही लठ्ठ व्यक्तींची तपासणी केली. दिवसाला १२०० कॅलरींपेक्षाही कमी खाऊन वजन उतरत नाही, अशी त्यांची तक्रार होती. बिचाऱ्यांचा चयापचयच मंद असावा, असं सगळ्यांना वाटत होतं. ते तपासण्याची रीत मोठी सुरेख आहे. माणसाला प्यायला जे पाणी देतात, त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजनची जड समस्थानिकं असतात. जड हायड्रोजन शरीराबाहेर पडतो तो फक्त पाण्यावाटे, म्हणजे लघवी, घाम, वाफ. जड ऑक्सिजनला आणखी एक वाट असते: श्वासातला कार्बन डायऑक्साइड. दोन आठवडे लघवीचे नमुने घेऊन दोघांच्या बाहेर पडण्याच्या वेगातला फरक मोजला, की शरीरानं किती कार्बन डायऑक्साइड तयार केला, म्हणजेच किती ऊर्जा जाळली, ते कळतं. माणूस आपल्या घरी, आपल्या उद्योगात असताना हे सगळं चालतं. यंत्राला जोडून बसवावं लागत नाही.

त्या लोकांचा चयापचय व्यवस्थित निघाला. चुकीचा होता तो हिशेब. प्रत्यक्ष खाण्यापेक्षा त्यांनी सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. ही माणसं खोटारडी नव्हती. त्यांना तसंच आठवत होतं. आपल्या स्वयंपाकघरात पाहा. भाजीची चव बघताना खाल्लेले दोन चमचे, मुलांच्या डब्यात उरलेली अर्धी पोळी, चहाबरोबरची खारी, येता-जाता डब्यातून उचललेले शेंगदाणे, फोडणीत ‘अंदाजे’ पडलेलं तेल. यातलं काहीच ‘जेवण’ म्हणून स्मरणात राहत नाही. फिरण्याचंही तसंच. तासभर बागेत होतो हे खरं, पण त्यातला किती वेळ चाललो आणि किती वेळ बाकावर बसून राजकारण केलं?

म्हणून लिहावं लागतं, आणि लगेच लिहावं लागतं. अमेरिकेत सुमारे १७०० जणांच्या एका अभ्यासात रोज खाण्याची नोंद ठेवणाऱ्यांचं वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या दुप्पट उतरलं होतं. रोज वही लिहिणारा माणूस मुळातच अधिक चिकाटीचा असणार, ही शंका इथे रास्त आहे. पण २०१६ साली बेंजामिन हार्किन आणि सहकाऱ्यांनी जवळजवळ २० हजार लोकांवरचे १३८ प्रयोग एकत्र तपासले. त्यातले गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडलेले होते, त्यामुळे चिकाटीची शंका तिथे लागू होत नाही. प्रगतीवर लक्ष ठेवायला लावलं, की ध्येय गाठण्याची शक्यता वाढते, हे त्यातून स्पष्ट झालं. परिणाम अधिक ठळक कधी होता? नोंद प्रत्यक्ष लिहून ठेवली तेव्हा, आणि ती दुसऱ्या कुणाला कळवली किंवा चारचौघांत सांगितली तेव्हा.

दुसऱ्याला सांगण्याचा हा धंदा जीन नायडेच या न्यूयॉर्कच्या गृहिणीनं शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी हेरला. वजन होतं ९७ किलोच्या आसपास. १९६१ साली तिनं महापालिकेच्या लठ्ठपणा क्लिनिकमधून आहाराचा तक्ता आणला, थोडं वजन उतरलंही, आणि मग पाय घसरू लागला. ती न्हाणीघरातल्या धुण्याच्या टोपलीत बिस्किटं लपवून खायची. शेवटी तिनं आपल्यासारख्याच काही लठ्ठ मैत्रिणींना घरी बोलावलं आणि टोपलीची गोष्ट सांगून टाकली. मैत्रिणींनी नाकं मुरडली नाहीत. आपापल्या लपवण्याच्या जागा सांगितल्या. दर आठवड्याला बैठक भरू लागली. बाई ३० किलोंहून अधिक उतरल्या आणि १९६३ साली त्या बैठकीतून ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी उभी राहिली. तक्ता तर क्लिनिकमध्येही तोच होता. फरक होता तो ऐकणाऱ्या माणसांचा.

माणसाच्या जागी यंत्र चालेल का? पिट्सबर्ग विद्यापीठाच्या जॉन जॅकिसिक यांनी ४७१ तरुणांना दोन वर्षं तपासलं. आहार आणि सल्ला सगळ्यांना सारखाच. सहा महिन्यांनंतर निम्म्यांनी नोंद स्वतः भरायची आणि निम्म्यांच्या दंडावर हालचाल मोजणारा पट्टा. दोन वर्षांअखेर स्वतः नोंद भरणाऱ्यांचं वजन सरासरी ५.९ किलोंनी उतरलं होतं, पट्टेवाल्यांचं ३.५ किलोंनी. असं का व्हावं, याचा पक्का खुलासा त्या प्रयोगातून मिळत नाही. माझा तर्क असा, की आकडा आपोआप जमा होऊ लागला की माणूस त्याकडे बघेनासा होतो. हातानं लिहिताना क्षणभर तरी स्वतःला जाब द्यावा लागतो.

पैशाचा धाकही फार पुरत नाही. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके मालमेंडिअर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकन जिमच्या वह्या तपासल्या, तेव्हा महिन्याला ७० डॉलरहून अधिक भरणारे सभासद महिन्यातून सरासरी चारदा येत होते. एका फेरीला १७ डॉलर पडत होते, आणि दारात १० फेऱ्यांचा पास फेरीमागे १० डॉलरनं मिळत होता! वर्षाची फी एकदम भरली की जावंच लागेल, असं जानेवारीत म्हणणाऱ्या आपल्या मित्रमंडळींना ही माहिती जरूर द्यावी. वर सांगितलेल्या ५४ कार्यक्रमांचंही हेच. चार आठवडे संपल्यावर त्यातल्या फक्त ८ टक्क्यांचा परिणाम मागे उरला.

भारतातला एक प्रयोग मात्र आशा वाटावी असा आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी दक्षिण भारतातले ५३७ नोकरदार पुरुष निवडले. सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आहार-व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना दिला, पण एका गटाला त्यानंतर मोबाइलवर नियमित मेसेज जात राहिले. दोन वर्षांत नुसत्या सल्ल्याच्या गटात २७ टक्के लोकांना मधुमेह झाला, मेसेजच्या गटात १८ टक्के. साधे मजकुराचे मेसेज, ना फोटो ना व्हिडिओ. पण ते येत होते आपल्याला तपासणाऱ्या पथकाकडून, आणि ते पुन्हा तपासणार होतं.

हिशेब द्यायचा तर कशाचा, हेही ठरवायला हवं. किलोंचा नको, असं मी म्हणेन. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! बारीक दिसणाऱ्या भारतीय देहात चरबी कशी दडते, हे दाखवणारा तो फोटो जगभर गाजला. आपला वजनकाटा आपल्याला खोटा दिलासा देऊ शकतो, आणि मीठ-पाण्याच्या चढउतारानं एका दिवसात उगाच हिरमोडही करतो. त्यापेक्षा ‘आज अर्धा तास चाललो का, जेवणात कोशिंबीर आणि उसळ होती का’ याचं हो-नाही उत्तर बरं. ते आपल्या हातात असतं.

बायकांसाठी हा सगळा मामला वेगळाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ मधल्या अहवालानुसार भारतातल्या ५७ टक्के स्त्रियांची पुरेशी शारीरिक हालचाल होत नाही. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के. सकाळी सहाला जिच्या हाती दोन डबे असतात, तिला ‘शिस्त लावा’ सांगणं क्रूर आहे. तिच्या बाबतीत जाब घरातल्या इतरांनी द्यायला हवा: आज तिला अर्धा तास मोकळा मिळाला की नाही?

व्हॉट्सॲपच्या मोठ्या फिटनेस गटांवर माझा फारसा विश्वास नाही. तिथे चाललेले लोक अंगठे पाठवतात आणि न चाललेले गप्प बसतात. शंभर जणांत कोण गप्प झालं, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. बागेतल्या कट्ट्यावर ‘काय हो, काल दिसला नाहीत?’ विचारणारा एकच पेन्शनर त्याहून उपयोगी. त्याचा कट्टा रविवारी मिसळीच्या हॉटेलात भरतो, हे मान्य करूनसुद्धा.

एक तयारी आधीच करून ठेवता येते. इंग्लंडमध्ये २४८ तरुणांवर झालेल्या प्रयोगात व्यायामाचं महत्त्व नुसतं वाचणाऱ्यांपैकी ३५ टक्क्यांनी आठवड्यात निदान एकदा व्यायाम केला. त्याबरोबरच कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे हे लिहून देणाऱ्यांपैकी ९१ टक्क्यांनी. हीच रीत खाड्याला लावा. ‘चुकलं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता, घराखाली, दहा मिनिटं’ असं लिहून ठेवा. भरपाई म्हणून दुप्पट चालायचं नाही, उपासही धरायचा नाही. त्यातूनच पुढचं ‘एवीतेवी’ जन्माला येतं. मधुमेहाची औषधं किंवा हृदयविकार असेल, तर बेत आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि तो कागद एका माणसाला द्या, शक्यतो टोमणे न मारणाऱ्या. रोज चौकशी करायची गरज नाही, असं त्याला स्पष्ट सांगा. ज्या दिवशी तुमच्याकडून ‘झालं’ असा निरोप येणार नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी सातच्या आधी त्यानं फक्त एक फोन करायचा.